काच वाजायची थांबली

परवा लोहाऱ्याहून घरी येत होते. माकणीच्या अलीकडच्या वळणावर गाडीचा वेग कमी झाला. मी ठरवून केला नव्हता. हातानं केला, डोक्याला नंतर कळलं. समोर डांबरी रस्त्याचा डावा अर्धा भाग पिवळा झाला होता. कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेनं दगडांची ओळ लावली होती आणि एक म्हातारी पदर खोचून अनवाणी पायांनी त्या दाण्यांत रेघा ओढत फिरत होती. ओलं सोयाबीन उन्हात तापलं की एक उबट, कच्चट वास सुटतो. तो नाकात गेला की माझा डावा गुडघा ठणकायला लागतो. डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं. डॉक्टर सोयाबीनवर कधी पडलेले नाहीत.

आमच्याकडं नवरात्राच्या सुमाराला रस्ता हा अर्धा सरकारचा आणि अर्धा शेतकऱ्याचा असतो. मळणी झाली, दाणे ओले निघाले, आडतीवर ओला माल कुणी हातात धरत नाही आणि अंगणात एवढी जागा कुणाकडं असते? डांबर काळं, उन्हानं चटके देणारं, दोन दिवसांत दाणा खडखडीत करतं. मग ताडपत्री असली तर ताडपत्रीवर, नसली तर सरळ डांबरावर रास पसरायची, भोवती दगड मांडायचे. दगड म्हणजे कुंपण. 'इथून पुढं आमचं' एवढंच ते दगड सांगतात, आणि येणारी-जाणारी वाहनं शहाण्यासारखी उरलेल्या अर्ध्यातून जातात. बाहेरचे लोक या चालीला नावं ठेवतात. मीही ठेवते, पण स्वतःचं सोयाबीन वाळून पोत्यात गेल्यावर.

मी मंगल, पशुसखी आहे. म्हणजे गावोगाव फिरून शेळ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी, करडू आडवं आलं तर पहाटे उठून जाणारी बाई. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, आमच्या काळ्याभोर शेळीचं नाव मात्र उस्मानाबादीच राहिलं. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही तक्रार केली नाही. माझ्या वाट्याला जी गावं आहेत, त्यांतली निम्मी मुख्य रस्ता सोडून आत आहेत. तिथं एसटी जात नाही, जीपवाला म्हणतो, सात माणसं आणा मग येतो. सात माणसं शेळीला सुई टोचायला कशाला येतील? म्हणून गाडी. स्कूटी नाही, मोटारसायकल. कारण लसीचा बर्फाचा डबा मागं बांधून काळ्या रानातल्या चिखलातून जायचं तर लहान चाकाचं काम नाही.

ती गाडी मुळात सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते. बारा वर्षं त्यांनी तिच्यावरून डेअरीला दूध घातलं. हँडलच्या डाव्या बाजूला किटली अडकवलेली, आणि मामा तिच्या वजनानं डावा खांदा पाडून बसलेले. लांबून धुरळ्यात नुसता कलता खांदा दिसला तरी गाव म्हणायचं, दूधवाला आला. पुढं म्हशी विकल्या, गाडी दाराशी उभी राहिली आणि मी ती शिकले. माझे यजमान लातूरला ट्रक चालवतात, फोनवर म्हणाले, "तुझ्या मामांना विचार." मामा म्हणाले, "चालीव. पण पडलीस तर गाडी बंद." हे त्यांनी हसत म्हटलं होतं, म्हणून मीही हसत ऐकलं.

त्या साली, आता आठ वर्षं झाली, मी दुसऱ्या माळेला पडले. नवरात्रात आमच्याकडं तारीख कुणी सांगत नाही. घटावर रोज एक माळ चढते. पहिली माळ, दुसरी माळ, असाच दिवस मोजतात. सकाळी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, झेंडूची दुसरी माळ बांधली आणि मी व मामा रस्त्यावर आमचं सोयाबीन पसरायला गेलो. दगड मी मांडले. मागच्या वर्षी एक ट्रॅक्टर राशीवरून गेला होता, म्हणून त्या दिवशी मी विहिरीजवळचा एक चांगला दांडगा काळा धोंडा कडेला आणून ठेवला. मामा म्हणाले, "एवढा मोठा कशाला?" मी म्हणाले, "दिसला पाहिजे ना मामा, लांबून."

दुपारी औषधं वाटून परत येत होते. समोरून माणसांनी लगडलेली जीप आली. दुसऱ्या कुणाचं सोयाबीन असतं तर मी थांबले असते. पण हे आपलंच आहे, कोण ओरडणार, असा विचार करून मी गाडी खुशाल राशीवर घातली. सोयाबीनचा दाणा म्हणजे सायकलच्या चाकातला छर्राच. मागचं चाक सरकलं, पुढचं त्याच्या मागं निघालं आणि मी थेट काळ्या धोंड्यावर गेले. माझ्या हातानं मांडलेल्या, लांबून दिसावा म्हणून आणलेल्या धोंड्यावर!

आवाज झाला तसे मामा लिंबाखालून पळत आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "माल सांडला का?" दुसरा, "लागलं का गं?" मी आजही त्यांना या क्रमावरून छळते. खरं सांगायचं तर मी स्वतःही गुडघ्याकडं नंतर पाहिलं. डब्यातला बर्फ दाण्यांवर फुटला होता आणि मी पडल्या पडल्या ओंजळीनं तो बाहेर फेकत होते, कारण ओलं झालं तर पुन्हा एक दिवस वाळवावं लागणार होतं. सोयाबीनच्या दिवसांत माणसाचं डोकं असंच चालतं.

गुडघा सोलला होता, तो आठवड्यात भरला असता. गाडीचं निराळं होतं. उभी केली तेव्हा पुढचं चाक सरळ आणि हँडल डावीकडं पाहत होतं. दोघांचं भांडण झाल्यासारखं.

मग जे सगळ्या गावांत होतं ते झालं. अशा वेळी आमच्याकडं प्रत्येक पुरुष मिस्त्री असतो. पुढं उभं राहायचं, चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायचं, हँडल पकडायचं आणि 'हुं' करून हिसडा द्यायचा. एकानं दिला, दुसऱ्यानं आणखी दिला, तिसऱ्यानं दुसऱ्याचा हिसडा चुकला म्हणून उलटा दिला. अखेर हँडल आणि चाक एका रेषेत दिसायला लागलं तेव्हा सगळ्यांनी हात झटकले. मी गाडी चालवून पाहिली. ती उजवीकडं ओढायला लागली, आणि अशी की शंभर पावलांत मनगट भरून आलं. जितकी सरळ दिसत होती तितकी वाकडी चालत होती.

"नळी वाकली," गाव म्हणालं. पुढच्या चाकाला धरणाऱ्या ज्या दोन चकचकीत नळ्या असतात, त्यांतली एक. नवीन मागवावी लागेल, दिवाळीनंतर येईल. आणि तेवढ्यात मामा हसायचे थांबले. तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी ओसरीवर बसून ते म्हणाले, "पडल्याली गाडी घरात ठिवू नये. तेरखेड्याचा पाहुणा कवाचा मागायलाय. त्याला दिऊन टाकू." हा पाहुणा लांबचा नातलग, फटाक्याच्या कामावर जाणारा, दिवाळीच्या तोंडावर त्याला गाडी हवीच होती.

मी म्हणाले, "मामा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझी लसीची फेरी हाय."

"मग जीपनं जा."

जीपनं! पशुदवाखान्यातल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: तांडा आणि आतल्या वाड्या धरून फेरी करायची आहे, गाडी असेल तर तुमची, नसेल तर दुसऱ्या बाईंना देतो. त्यांचं चूक नव्हतं, थंडीच्या आत शेळ्यांना सुई लागायलाच हवी होती. पण ती फेरी गेली असती तर नुसतं काम गेलं नसतं. चार वर्षं लागली होती मला, तांड्यावरच्या बायांनी माझ्या गाडीचा आवाज ओळखून शेळ्या धरून ठेवायला. आधी त्या म्हणायच्या, बाई काय सुई टोचणार. ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करण्याची माझ्यात ताकद नव्हती. त्या रात्री मी भाकरी थापताना रडले, आणि आत्याबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग परातीत आणखी पीठ घेत त्या हळूच म्हणाल्या, "खंडेनवमीपस्तोर थांबा म्हणावं त्यास्नी. हत्यारं पुजल्याबगर घरातनं लोखंड जात नसतं."

हे त्यांनी तिथल्या तिथं रचलं की खरंच असा रिवाज होता, मला आजवर कळलेलं नाही. पण मामांना पटलं. खंडेनवमीला आमच्या ओसरीवर विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सगळं धुऊन मांडतात, गाडीला झेंडूचा हार घालतात. मामा म्हणाले, "ठीक हाय. पण मोडकं हत्यार देवीफुडं मांडत नसतात. नवमीला गाडी सरळ असली तर पूजेला लागंल. नसली तर पाहुण्याच्या मागं जाईल." नवमी म्हणजे नववी माळ. हातात पाच दिवस होते.

पाचव्या माळेला लोहाऱ्याच्या आडतीवर माल घेऊन निघालेल्या टेम्पोत, पोत्यांच्या शेजारी, मी गाडी आडवी बांधून नेली. लोहाऱ्यात बसस्टँडच्या मागं लिंगप्पा मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. तेव्हा ते बंद असल्यातच जमा होतं. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर. शेडच्या दारात काळी शेळी बांधलेली, पांढरे ठिपके असलेले लांब कान. मी सवयीनं आधी तिचा कान उलटून गोचीड पाहिली. आतून आवाज आला, "शेळीवाल्या बाई का? या अक्का."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काम बंद केलंय मी. डोळं न्हाईत."

"तुम्ही नुसतं सांगा, मी करते."

ते कानडीत काहीतरी पुटपुटले. मिस्त्री घरी कानडी बोलत, दुकानात मराठी, आणि विचार करताना दोन्ही मिसळत. मग उठले, चाचपडत गाडीपाशी आले. चाकाला हात लावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी बोटं फिरवली. डाव्या बाजूच्या वळणावर अंगठा थांबला.

"हे कवा वाकलं?"

"पडल्यावरच की."

"इल्ला." ते मान हलवत म्हणाले. "हे जुनं हाय. घडीत गंज हाय बघा, खरखर लागायली. डाव्या अंगाला काय वझं होतं व्हय?"

मी वाकून पाहिलं. सुरकुतीत तांबडा गंज होता, वर्षानुवर्षांचा. दुधाची किटली! ती भरलेली गाडी डेअरीच्या उतारावर किती वेळा डाव्या अंगावर कलंडली असेल, देव जाणे. हँडल थोडं थोडं करून वाकत गेलं, आणि मामांचा खांदा त्याच्याबरोबर.

"सगळे हँडलाकडं बघून चाक नीट करायलेत," मिस्त्री म्हणाले. "आणि हँडलच खोटं बोलायलंय. आधी ते काढून बाजूला ठिवा. डोळ्यासमोर नको."

ते वाक्य त्यांनी पाना शोधत, सहज म्हटलं. मी त्यावर पुढं पुष्कळ दिवस विचार केला. आपण चारचौघांत जे पुढं दिसतं त्याच्याकडं पाहून बाकीच्याला वाकडं ठरवतो, असं माझ्याही बाबतीत किती वेळा झालं होतं. पण तेव्हा विचाराला वेळ नव्हता. नट गंजलेले होते.

हँडल निघालं. इंजिनाखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक काढलं, मडगार्ड काढलं, दिवा काढला. नुसत्या दोन नळ्या उरल्या, आणि त्यांना वर-खाली धरणाऱ्या दोन आडव्या लोखंडी पट्ट्या. त्या पट्ट्यांना मिस्त्री लोक 'टी' म्हणतात. मग मिस्त्रींनी शेडच्या कोपऱ्यातून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू आणली. जाड काचेचा तुकडा, पाटीएवढा. एका मिठाईवाल्याचं कपाट फुटलं तेव्हाचा, कडा दगडावर घासून बोथट केलेल्या. तो त्यांनी दोन्ही नळ्यांवर समोरून टेकवला आणि म्हणाले, "वरचा कोपरा दाबा, मग खालचा. एक इकडचा, एक तिकडचा."

मी दाबला. टक्. दुसरा दाबला. टक्.

"आयकलं?" मिस्त्री मान तिरपी करून ऐकत होते. "दोन्ही नळ्या एकमेकीला धरून असत्या तर काच चारी ठिकाणी टेकली असती. वाजली नसती. आता सांगा, वाकलीय का नुसती पिळलीय?"

मला काय ठाऊक! त्यांनीच वाट दाखवली. दोन्ही नळ्या टीमधून सोडवून बाहेर काढल्या. काच जमिनीवर सपाट ठेवली, एकेक नळी तिच्यावर आडवी ठेवून तळहातानं हळू लोळवायची आणि डोळा जमिनीला लावून काचेच्या नि नळीच्या मधून उजेड डोकावतो का पाहायचं. वाकलेली असेल तर एका ठिकाणी फट उघडते आणि मिटते. शेडच्या दारातून ऊन येत होतं. मी तेलकट जमिनीवर गाल टेकून पडले. पहिली नळी लोळवली. फट नाही. दुसरी आणखी हळू लोळवली, कारण धोंडा त्याच बाजूला लागला होता. अर्धा फेरा, पुरा फेरा, पुन्हा एकदा.

"सरळ हाय! मिस्त्री, दोन्ही सरळ हाईत!"

"वरडू नका अक्का, शेळी बुजती," ते म्हणाले, पण ते स्वतःच हसत होते. नळ्या वाकलेल्याच नव्हत्या. पडताना टीमधल्या जागी जराशा फिरून तशाच आवळून बसल्या होत्या, आणि गावानं गुडघ्यात धरून त्यांना आणखी पिळलं होतं.

आता वाटतं, सोपं होतं की मग. नव्हतं. नळ्या परत बसवल्या, नट सैल ठेवले, काच टेकवली, हातानं थोडं इकडं थोडं तिकडं ओढत आणलं. टक्... टक्... ट... आणि गप्प. मला एवढा आनंद झाला की मी उजव्या बाजूचा नट जीव खाऊन आवळून टाकला. काच टेकवली. टक्.

मिस्त्रींनी पाना माझ्याकडं सरकवला. सगळे नट पुन्हा सैल. पुन्हा ओढणं, पुन्हा ऐकणं. दुसऱ्यांदाही मी घाई केली, आणि शेडमध्ये अंधारायला लागलं. गाडी तिथंच ठेवून शेवटच्या एसटीनं परतले. सहाव्या माळेला सकाळी पुन्हा हजर. या वेळी मिस्त्री माझ्या शेजारी पाटावर बसले आणि मोजायला लागले. "ओंदु." मी डावा नट जरासा फिरवला. "एरडु." उजवा. "मूरु." खालचा डावा. "एका अंगाला जीव वतू नका. समद्यांना थोडं थोडं." दर फेरीला काच टेकवायची, कोपरे दाबायचे. बाहेर एसटीचे हॉर्न, आडतीवरच्या हमालांचा गलका, देवीच्या मांडवातली गाणी, आणि आम्ही दोघं त्या सगळ्यातून एक बारीकसा आवाज येत नाही ना हे ऐकत होतो. शेवटची फेरी झाली. नट पूर्ण आवळले. मिस्त्रींनी स्वतः बोट पुढं केलं, चाचपत काचेचा कोपरा शोधला, दाबला. मग दुसरा.

काच वाजली नाही.

मी आयुष्यात परीक्षा पास झाले, लग्न झालं, लेकरू झालं; पण त्या न वाजलेल्या काचेइतकं मोठ्यानं दुसरं काही माझ्या कानात वाजलेलं नाही. डोळे भरून आले आणि तेलकट हातानं पुसल्यामुळे तोंड काळं झालं.

चाक घातलं, पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाच वेळा दाबली, म्हणजे नळ्यांचे खालचे पाय आपापल्या जागी बसतात, आणि मग चाकाचा शेवटचा नट आवळला. नवं हँडल दुकानातून आणून बसवलं, जुनं मागं बांधून घेतलं. मिस्त्री म्हणाले, "हात सोडू नका बरं का. नुसती बोटं सैल करा, अन् गाडी काय म्हणती ते बघा." लोहाऱ्याबाहेर मोकळ्या रस्त्यावर मी बोटं सैल केली. गाडी काही म्हणाली नाही. सरळ चालत राहिली. दोन्ही बाजूला कापलेली रानं, मध्येच मळणीयंत्राचा भुसकटाचा फवारा, आणि मी हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्यानं गात होते.

घरी आले तर मामा दारातच. किल्ली घेतली, गाडीवर बसले, पाणंदीपर्यंत चक्कर मारून आले.

"वाकडी हाय अजून," ते म्हणाले. "उजवीकडं वढती."

वाकड्या हँडलाची सवय झालेल्या खांद्याला सरळ हँडलच वाकडं लागत होतं. मी म्हणाले, "मामा, तुमचा खांदा..." आणि थांबले. सासऱ्याला सुनेनं कसं सांगायचं, की गाडी सरळ आहे, तुम्ही वाकडे बसता? त्यांनी पाहुण्याला फोन केला. नवमीला ये म्हणाले.

सातव्या माळेला मी पुन्हा लोहाऱ्याला गेले आणि मिस्त्रींकडं काच मागितली. त्यांनी टॉवेलात गुंडाळून दिली. "फोडू नका. तिच्यासारखी दुसरी न्हाय." ती मांडीवर घेऊन जीपमध्ये बसले, तर शेजारच्या बाईनं विचारलं, देवीचा फोटो आहे का? मी हो म्हणाले. तेवढं खोटं देवी माफ करील.

आठव्या माळेला सकाळी मामा ओसरीवर दाढी करत होते. मी गाडी अंगणात उभी केली, मडगार्डच्या वर नळ्यांचा जो उघडा भाग असतो त्यावर काच टेकवली आणि म्हणाले, "मामा, जरा हा कोपरा दाबून बघा." साबण लावलेल्या तोंडानंच ते आले. दाबला. दुसरा दाबला. "काय व्हायला पायजे?" त्यांनी विचारलं. "वाजायला पायजे, वाकडी असली तर," मी म्हणाले. त्यांनी चारही कोपरे दाबले. मग मी जुनं हँडल आणून त्यांच्या पायापाशी, शहाबादी फरशीवर ठेवलं.

मामांनी ते बोटानं दाबलं. हँडल डुगडुगलं. खट्. त्यांनी उचलून डोळ्यांसमोर धरलं, फिरवलं, पुन्हा ठेवलं. खट्. डाव्या वळणातल्या गंजावर त्यांचा अंगठा बराच वेळ फिरत होता. बारा वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, जिथं किटली लटकायची ती जागा त्यांना काय मी दाखवायला हवी होती?

"म्हंजी," ते शेवटी म्हणाले, "बारा वरसं म्याच वाकडा बसलो व्हय?"

घरातून आत्याबाईंचा आवाज आला, "मला कवाचं ठावं हाय. फोटूत बी कलतेच दिसता तुमी."

मामा हसले नाहीत. तोंडावरचा साबण वाळेपर्यंत तिथंच बसले होते, आणि मग उरलेली दाढी करायला गेले. मला वाईट वाटलं. जिंकल्याचं सुख होतं, पण त्या हँडलात त्यांची सगळी उमेद वाकून बसलेली होती, हेही दिसत होतं.

नवमीला मी पहाटे गाडी धुतली. कुणाला विचारलं नाही, ओसरीपुढं विळ्या-कुऱ्हाडींच्या ओळीत आणून उभी केली. मामांनी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं. गाडीपाशी आले, क्षणभर थांबले, आणि पुढच्या चाकाला कुंकवाचं बोट टेकवलं. मग झेंडूचा हार दोन्ही बाजूंना सारखा लोंबेल असा मोजून घातला. जुनं हँडलही त्यांनी ओळीच्या शेवटी ठेवलेलं होतं, धुऊन-पुसून. मोडकं मांडत नसतात, याची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही.

तेवढ्यात तेरखेड्याचा पाहुणा आला. येताना तिथल्या फटाक्यांची भली मोठी माळ भेट म्हणून घेऊन आलेला. गाडीभोवती फिरला, हँडल धरलं, चाक पाहिलं. "दाजी, ही तर सरळ दिसायली. तुमी तर पडल्याली म्हणला व्हता. बोला, कवा नेऊ?"

मामा सुपारी कातरत होते. अडकित्ता खाली ठेवला.

"गाडी माझी न्हाय," ते म्हणाले. "मंगलची हाय. तिला इचारा."

आत्याबाई दारात आल्या. चार वर्षं मी ती गाडी चालवत होते, पण 'मंगलची' हा शब्द त्या अंगणात पहिल्यांदा उच्चारला गेला होता. मी पदर खोचला आणि म्हणाले, "पाहुणं, गाडी द्यायची न्हाय. परवापासून माझी फेरी हाय. तांड्यावर शेळ्या वाट बघायल्यात."

पाहुणा बिचारा भला माणूस. त्यानं फटाक्यांकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. मामा म्हणाले, "आणलीच हाईस तर लाव. मोकळ्या हातानं कशाला परत जातूस?" आणि मग जो धडाका झाला! अंगण धुरानं भरलं, कोंबड्या छपरावर गेल्या, गोठ्यातल्या माझ्याच दोन शेळ्या दावं तोडून वेशीकडं पळाल्या आणि गावाला लस टोचणारी बाई स्वतःच्या शेळ्यांमागं धावताना सगळ्या आळीनं पाहिली. धावता धावता मी हसत होते. गुडघा दुखत होता, तो दुखू दिला.

ती फेरी मी पूर्ण केली. तांड्यावरची एकही शेळी सुटली नाही. दिवाळीनंतर मिस्त्रींचं ऑपरेशन झालं, नजर आली, आणि त्यांनी पहिल्यांदा मला नीट पाहून म्हटलं, "तुमी एवढ्या बारक्या व्हय? हात तर पैलवानाचे वाटले व्हते." काच परत द्यायला गेले तर म्हणाले, ठेवा तुमच्याकडं. आता ती माझ्या गाडीच्या डिक्कीत, त्याच टॉवेलात असते. सोयाबीनच्या दिवसांत कुणी ना कुणी पडतंच. गावातली पोरं चाक गुडघ्यात धरायला जातात तेव्हा एखादा म्हणतो, थांबा, काचवाल्या बाईला बोलवा. मी जाते. आधी हँडल काढायला लावते.

पण मला सांगायचं होतं ते त्या दसऱ्याच्या संध्याकाळचं. शिलंगणाला पुरुष गावाची शीव ओलांडून आपट्याची पानं आणायला जातात आणि बाया ताट घेऊन दारात वाट पाहतात. मामा धुतलेला फेटा बांधून बाहेर आले. मला वाटलं, चालत निघतील. ते गाडीपाशी उभे राहिले.

"चल," म्हणाले.

"मी?"

"मग काय म्या चालवू? मला उजवीकडं वढती ती."

मी गाडी चालू केली. ते मागं बसले. माझ्या मागं ते जन्मात पहिल्यांदा बसत होते. आत्याबाई दारात तोंडाला पदर लावून उभ्या होत्या; रागावल्या की हसत होत्या, कळत नव्हतं. गावातून जाताना पारावरची सगळी माणसं उठून पाहायला लागली. शिवेजवळ रस्ता मोकळा झाला, सोयाबीनच्या राशी उचललेल्या, डांबरावर नुसते चुकार दाणे. मी वेग धरला, आणि मला जाणवलं, गाडी हळूहळू डावीकडं कलतेय. चाकात काही नव्हतं, टीमध्ये काही नव्हतं. मागं मामा त्या जुन्या किटलीच्या सवयीनं डावा खांदा पाडून बसले होते.

मी मान वळवून म्हणाले, "मामा, सरळ बसा."

"बसलो बाई, बसलो," ते म्हणाले, आणि सरळ बसले.